एकशे पंच्याऐंशीवा वासा

श्रुतिकाने स्कूटी लावली होती जुन्या वखारीच्या भिंतीच्या सावलीत. अर्ध्या तासाने बाजारातून परत आली, तर स्कूटीवर कौलं. सीटवर दहा-बारा, पायाशी पंधरा-वीस, आणि आरशावर कुणाचा तरी पंचा वाळत घातलेला.

फेब्रुवारी दोन हजार सतरा. डहाणूत दुपारच्या बाराला डोक्यावर ऊन आणि हातात भाजीची पिशवी असली, की चांगल्या माणसाचीही वाणी बिघडते. त्यातून श्रुतिका मुळात फार गोड बोलणाऱ्यांतली नव्हतीच.

"कोणाची आहेत ही कौलं?" तिने वर पाहून आवाज दिला.

छपराच्या कडेवरून एक डोकं बाहेर आलं. "स्कूटी कोणाची आहे?"

"माझी!"

"मग कौलं पण तुमचीच समजा."

"मी गंमत करत नाहीये."

"मी पण नाय, मॅडम. ऐंशी वर्षांची कौलं आहेत, जमिनीवर टेकवली तरी तडकतात. खाली बघितलं… तर तुमची सीट सगळ्यात मऊ दिसली."

तो शिडीवरून खाली आला. कानामागे पेन्सिल, अंगात निळा शर्ट, आणि पापण्यांपर्यंत लाल धूळ. भांडायला उभं राहिलेलं माणूस समोरच्याच्या पापण्या बघत नसतं, हे तिला घरी गेल्यावर सुचलं.

"उतरवा ती."

"उतरवतो ना. एकेक करून… तुम्हाला घाई आहे?"

"आहे."

"मग दोन-दोन," तो म्हणाला आणि मुद्दाम एकेकच उतरवत राहिला.

त्याचं नाव रोशन. तलासरीकडच्या एका पाड्यातला वारली पोरगा, सुतारकामात तरबेज. अच्छाडच्या नाक्यावर ट्रकच्या लाकडी बॉड्या दुरुस्त करायचा. पण हे सगळं तिला त्याने नाही सांगितलं, सांगितलं ते तिच्या वडिलांनी, रात्रीच्या जेवणात. कारण वखारीच्या उद्योगामागे तेच होते.

काशीनाथराव रेल्वेच्या माल-खात्यातून रिटायर झालेले. नोकरीला लागले तेव्हा या वखारीतून गवताच्या गाठी निघायच्या, दाबयंत्रात आवळून, तारा बांधून, थेट मालगाडीच्या वाघिणींत. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी डहाणूचं गवत खायच्या. मग तबेले हलले, गवताचा धंदा बसला, वखारीचे मालक सेठ वापीला गेले. राहिली ती भक्कम दगडी भिंतींची, उंच छपराची रिकामी इमारत. आत वटवाघळं, आणि बाहेर रस्त्याच्या कडेला उन्हात बसलेल्या बाजारकरणी. पाड्यांवरून रानभाज्या आणणाऱ्या, नरपडहून सुकट-बोंबील आणणाऱ्या. एकीकडे रिकामं छप्पर, दुसरीकडे डोकी उघडी. हे तीस वर्षं कुणाला खटकलं नाही. काशीनाथरावांना खटकलं ते रिटायर झाल्यावर.

त्यांनी मोहल्ला गोळा केला. सेठांचा पुतण्या मनिषभाई वापीहून आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "काकाजी, छप्पर सडलंय. मृगाच्या आत पक्कं करून दाखवा, मी स्वतः बघणार. बरोबर असेल तर वखार बाजाराला वापरायला देतो, सही करून. नसेल तर पाडायला देतो. कुणाच्या डोक्यावर पडलं तर पोलीस मला शोधणार ने?"

त्याच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं.

श्रुतिका एका इंजिनियरच्या ऑफिसात नकाशे काढायची. वडिलांनी तिला न विचारता तिचं नाव दुरुस्तीच्या समितीत घातलं होतं. "रविवारी तू काय करतेस? लोळतेस," असं त्यांचं कारण. ती कुरकुरत गेली. दुसऱ्या रविवारी कुरकुर जरा कमी होती. तिसऱ्या रविवारी ती केस धुऊन गेली, आणि आई सरलाबाईंनी नुसतंच "हं" केलं.

आता वखारीचं छप्पर म्हणजे काय, हे सांगायला हवं. मोठ्या तुळया भिंतीवर जागच्या जागी ठेवायच्या होत्या. पण त्यांवरचे तिरपे वासे, ज्यांच्या आधारावर कौलं बसतात, ते सगळे उतरवून, सडलेली टोकं कापून, जोड देऊन परत चढवायचे होते. असे वासे एकशे चौऱ्याऐंशी. जुन्या सुतारांनी प्रत्येक वासा त्या-त्या जागेवर हाताने तासलेला, प्रत्येकाची खाच वेगळी. एकाच्या जागी दुसरा बसणं शक्य नाही.

"ऑईलपेंटने नंबर घालू," श्रुतिका म्हणाली. "एक ते एकशे चौऱ्याऐंशी."

रोशनची आत्या जिजा पाड्यावरच्या बायका घेऊन कामाला आली होती. ती स्वतः त्याच रस्त्यावर भाजी विकायची, म्हणजे एका अर्थी हे छप्पर तिचंच होतं. ती हसली. "आकडा मुका असतो, बाय. मोर बोलतो."

"म्हणजे?"

"म्हंजी ह्या वाशावर मोर काढायचा. त्याच्या शेजारच्यावर खेकडा. त्याच्या शेजारी ताडावर चढणारा गडी. मोराशेजारी खेकडा होता, हे इसरंल कोण? सत्त्याऐंशीच्या शेजारी काय होतं, ते सांग बरं तू."

"अठ्ठ्याऐंशी!"

बायका खो-खो हसल्या. श्रुतिकाने रोशनकडे पाहिलं. तो पेन्सिलीला टोक काढण्यात एकदम गुंतला होता. "तुम्ही इंजिनियरिंगवाल्यांच्या बाजूने बोला ना काहीतरी," ती म्हणाली.

"मी आत्याच्या बाजूने. संध्याकाळी भाकरी तिच्या हातची खायची असते मला… तुम्ही देणार असाल तर विचार करतो."

"मला भाकरी येत नाही."

"मग मोर."

तर चित्रं ठरली. आणि चित्रं म्हटल्यावर ती घराच्या भिंतीवर काढतात तशीच, तांदळाच्या पिठात डिंक कालवलेल्या पांढऱ्या रंगात. ऑईलपेंटचा डबा बाजूला राहिला. दर वाशाच्या न सडलेल्या टोकावर बायका बांबूच्या काडीने चित्र काढायच्या, रोशन वासा सोडवून खाली द्यायचा, श्रुतिका बघत बसायची. हळूहळू 'मॅडम'ची 'श्रुतिका' झाली, 'तुम्ही'चं 'तू'. एकदा शिडीवरून उतरताना त्याने हात पुढे केला; तिला हाताची गरज नव्हती, तरी तिने घेतला. एकदा त्याने चिकू फोडून अर्धा तिच्यापुढे धरला आणि काम करत राहिला, जणू वर्षानुवर्षं हे असंच चालत आलंय.

एप्रिलच्या शेवटी त्याने सहज सांगितलं, "सिल्वासाच्या एका ठेकेदाराने बोलावलंय. फर्निचरचं मोठं काम. शब्द दिलाय. इथलं छप्पर संपलं, की दुसऱ्या दिवशी जीप."

"अरे वा," श्रुतिका म्हणाली.

"वा ना?"

"वाच म्हणतेय की!"

घरी येऊन तिने सरलाबाईंशी वांग्याच्या भाजीवरून भांडण केलं. वांग्याचा यात काही दोष नव्हता.

मे महिन्यात भिंती चुन्याने दुरुस्त झाल्या. जोड दिलेले वासे वखारीच्या अंगणात रचून ठेवले होते, चित्रांची टोकं सगळी एका बाजूला. अठरा मेला मोहल्ल्यात लग्न होतं, सगळे तिकडे जेवायला. वखारीवर राखणीला रोशन, आणि त्याला जेवणाचा डबा द्यायला श्रुतिका. उकाडा मरणाचा. दोघं दोन मिनिटांसाठी कोपऱ्यावर लिंबू सोडा प्यायला गेली. दोन मिनिटांचा पाऊण तास कसा झाला, ते सोडावाल्याला विचारा. फाटकाला कडी घालायची मात्र दोघांनाही आठवली नाही.

परत आली तेव्हा अंगणात पंधरा-वीस शेळ्या होत्या. वाशांच्या टोकांशी रांगेत उभ्या राहून अगदी शांतपणे चाटत होत्या. तांदळाचं पीठ, वर डिंक. शेळीला आणखी काय हवं? मोर गेला, खेकडा गेला, ताडावरचा गडी गेला. एकशे चौऱ्याऐंशी टोकं लख्ख.

रोशन एकेक टोक बोटाने चाचपून बघू लागला. श्रुतिकाने शेळ्या हाकलल्या, पण आता हाकलून काय उपयोग!

संध्याकाळी सगळा मोहल्ला जमला. फोटो? फोटो भरपूर होते, चहाचे, जिजाचे, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेले. वाशांचा एकही नव्हता. बायकांना आपापली चित्रं आठवत होती, पण चित्र आठवून काय करणार, कुठल्या लाकडावर होतं ते सांगणारं काहीच उरलं नव्हतं. मृगाला तीन आठवडे. प्रत्येक वासा प्रत्येक जागी लावून बघायचा म्हटलं तर दिवाळी उजाडली असती.

"झालं," काशीनाथराव म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि ते ऐकून जिजाने तोंडाला पदर लावला.

श्रुतिकाच्या पिशवीत एक वही होती. वासे उतरायचे ते रविवारीच; ती बघता-बघता मापं टिपून घ्यायची आणि घरी जाऊन त्या वहीत दिवसभराची चित्रं उतरवून काढायची. प्रत्येकापुढे वाशाची लांबी, गाठी कुठे, खाच केवढी आणि जागा कुठली. सवय म्हणा, अविश्वास म्हणा. त्या वहीवरून सगळं छप्पर परत बसलं असतं. आणि छप्पर बसलं, की दुसऱ्या दिवशी जीप.

शिवाय त्या वहीत दुसरंही काही होतं.

तिने रात्रभर वही दिली नाही. आपण वाईट आहोत असं तिला वाटलं, आणि वाटूनही तिने दिली नाही. पण सकाळी ऑफिसला जाताना तिला रस्त्याच्या कडेला जिजा दिसली, डोक्यावर ओला टॉवेल, पुढ्यात शेवग्याच्या शेंगा, त्याही उन्हाने मलूल. श्रुतिकाने स्कूटी वखारीकडे वळवली.

"हे घे," तिने वही रोशनच्या हातात ठेवली. "लांबी आणि गाठी जुळवून बघ. सगळे आहेत."

त्याने पानं उलटली. चेहरा उजळत गेला… आणि मग एका पानावर थांबला. जिजाला पाहून विसरलेलं श्रुतिकाला एकदम आठवलं, वहीत आपण काय-काय लिहिलंय ते. हात पुढे गेला, पण उशीर झाला होता.

"'खेकडा'," तो वाचू लागला. "'साडेनऊ फूट, गाठ मधोमध. आज निळा शर्ट. शिट्टी वाजवली नाही, काय झालं असेल?'"

"ते… मापात धरायचं नाही."

"'मासा. दहा फूट. मी भुकेली आहे हे त्याला न सांगता कळतं.'"

"रोशन, पुढे वाचू नकोस!"

त्याने वही मिटली. लाजल्यामुळे का उन्हामुळे, त्याचे कान लाल झाले होते. काहीतरी बोलेल म्हणून ती उभी राहिली. तो म्हणाला, "अक्षर चांगलं आहे तुझं." आणि शिडी चढून गेला. बाईने मन उघडं करावं आणि पुरुषाने अक्षराला मार्क द्यावेत! ती तशीच ऑफिसला गेली आणि दिवसभरात दोन नकाशे चुकवले.

काम मात्र सुटलं. वाशामागून वासा ओळखू आला, चढला. जून उजाडला. शुक्रवारी दोन तारखेला दुपारी शेवटचा वासा खाचेत बसला, संध्याकाळपर्यंत कौलं चढली, पेढे वाटले. शनिवारी सकाळची जीप ठरलेली होती.

आणि संध्याकाळी अंगण झाडताना जिजाला भिंतीशी एक वासा सापडला.

छप्पर पूर्ण, आणि वासा एक शिल्लक. सुतारकामात लाकूड कमी पडलं तर नवीन आणता येतं. उरलं, तर कुठेतरी राहिलंय हे नक्की. रोशन गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "बघावं लागेल. हे सापडल्याशिवाय मला जाता यायचं नाय."

श्रुतिका त्या वाशापाशी गेली. वरून काजळी, तेल, दिसायला अगदी म्हातारा. तिने वाकून वास घेतला. ताज्या सागाचा वास, काल-परवा कापलेला. वहीत एकशे चौऱ्याऐंशी नोंदी होत्या, एकशे चौऱ्याऐंशींपुढे टिक केलेली होती. हा कुठेच नव्हता. तिने रोशनकडे पाहिलं. तो कौलांकडे बघत होता, फारच मन लावून.

"श्रुतिका, तुझी वही काय म्हणते?" काशीनाथरावांनी विचारलं.

"माझं मोजायला चुकलं असेल, बाबा," ती म्हणाली.

शनिवारचा सगळा दिवस मोहल्ला मान वर करून छपरात रिकामी जागा शोधत होता. काशीनाथरावांची मान आखडली. जीप गेली. दुपारी ती दोघं वखारीच्या पायरीवर शेजारी बसली, हातभर अंतर ठेवून.

"काय वाटतं, सापडेल?" त्याने विचारलं.

"कठीण दिसतंय."

"दोन दिवस लागतील… कदाचित चार."

"चार तरी," ती म्हणाली. दोघंही एकमेकांकडे न बघता हसली. त्या दुपारी ती सुखी होती, अगदी निर्लज्जपणे सुखी. उद्या रविवार आहे आणि रविवारी मनिषभाई येणार आहे, हे तिच्या ध्यानात नव्हतं असं नाही. तिने ते ध्यानात येऊ दिलं नाही.

रविवारी सकाळी मनिषभाई आला. भिंती बघितल्या, तुळयांवर हात फिरवला, खूश झाला. खिशातून कागद काढला, पेन काढलं. मग त्याची नजर भिंतीशी गेली.

"हे काय?"

तो उरलेल्या वाशापाशी जाऊन उभा राहिला.

"काकाजी, माझ्या आजोबांनी ही वखार बांधली. वासा उरला म्हणजे छपरात कुठेतरी खड्डा आहे, एवढं मला समजतं ने." त्याने कागदाची घडी घातली. "मी नाही सही करत. माफ करजो. मंगळवारी पाडणाऱ्यांना बोलावतो."

जिजाच्या मागे वीस-पंचवीस बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. आत बसायच्या तयारीने आल्या होत्या. एकीने टोपली परत डोक्यावर घेतली.

"तो वासा जुना नाही," रोशन पुढे झाला. "मी कापलाय."

"कशाला?"

"…चुकून."

"चुकून कापला, आणि काजळी पण चुकूनच लावली? छप्पर वाचवायला खोटं बोलतोस, भाई."

मोहल्ला समोर, आत्या समोर, आणि ज्यांच्या मुलीचा प्रश्न ते काशीनाथराव अगदी समोर. रोशनने श्रुतिकाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो सांगणार नव्हता. तिच्या नावाला बट्टा नको म्हणून वखार पडली तरी सांगणार नव्हता.

"तो खोटं बोलत नाही," श्रुतिका म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "काम संपलं असतं तर त्याला काल सिल्वासाला जावं लागलं असतं. म्हणून त्याने जास्तीचा वासा कापला. आणि मला ते शुक्रवारीच कळलं होतं. मी बोलले नाही, कारण… कारण तो जायला मलाही नको होता. मला तो आवडतो. झालं?"

टोपली डोक्यावर घेतलेल्या बाईने ती परत खाली ठेवली.

मनिषभाईने काशीनाथरावांकडे पाहिलं. "काकाजी, हे खरं?"

"मला काय माहीत?" आखडलेली मान धरून काशीनाथराव म्हणाले. "मी फक्त त्याच घरात राहतो."

रोशनने करवत आणली. वासा सगळ्यांसमोर मधोमध कापला. काजळीच्या आत लाकूड पिवळंधमक होतं, ओलसर, आणि त्याचा वास दारापर्यंत गेला. मनिषभाईने भुसा बोटांत चोळून बघितला, नाकाशी नेला. मग कागद उलगडला आणि काशीनाथरावांच्या पाठीवर ठेवून सही केली.

बायकांनी परवानगीची वाट पाहिली नाही. टोपल्या आत गेल्या, जागांवरून दोन भांडणंही झाली. सरलाबाईंनी पहिली जुडी घेतली आणि भाव पाडून मागितला.

जिजा तेवढी मागे राहिली. "रोशन, तुला तोंड हाय का नाय? का तिनंच सगळं बोलायचं?"

रोशन श्रुतिकासमोर येऊन उभा राहिला. केसांत भुसा, हातात करवत. "मला पण," तो म्हणाला. "स्कूटीवर कौलं ठेवली, त्या दिवसापासून… मला बोलता येत नाय गं. लाकूड कापता येतं, म्हणून कापलं."

"आमच्यात आधी पोरीला इचारतात," जिजा म्हणाली, "बापाला मागनं. तं सांग बाय, ह्याच्याशी लगीन करशील?"

काशीनाथरावांनी बोलायला तोंड उघडलं. सरलाबाईंनी हातातली जुडी त्यांच्या हातात कोंबली, तसं ते मिटलं.

श्रुतिकाने रोशनच्या केसांतला भुसा झटकला, सगळ्यांदेखत. "सिल्वासाच्या माणसाला शब्द दिलायस ना? मग संध्याकाळच्या जीपने जायचं. किती दिवसांचं काम आहे?"

"चार महिने."

"चार म्हणजे चार," ती म्हणाली. "मी थांबेन. पण तिथे एकही वासा जास्तीचा कापायचा नाही."